रुळाकडेला रील काढणाऱ्या पोरांना, एका रिटायर्ड ड्रायव्हरचं खुलं पत्र

पोरांनो,

मी तुम्हाला नावानं ओळखत नाही, पाठीवरून ओळखतो. चेष्टा नाही करत. चौतीस वर्षं इंजिनात काढली, आणि तुम्ही लोक रुळाकडेला उभे असता तेव्हा तुमचं तोंड मोबाईलकडे असतं आणि पाठ माझ्याकडे. कोणाच्या टी-शर्टवर मागे नंबर, कोणाच्या जाकिटावर वाघाचं तोंड, कोणी गणपती मंडळाचा टी-शर्ट घातलेला, कधी कधी तर मंडळाचं नाव पण वाचता येतं. चेहरा तेवढा दिसत नाही.

१९८९ ला असिस्टंट म्हणून लागलो, मग मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस. भुसावळ लॉबीला, म्हणजे आमच्या ड्युटीच्या ऑफिसात, साइन ऑन करायचं आणि मग इगतपुरीकडे नाहीतर खंडव्याकडे नाहीतर बडनेऱ्याकडे. २०२३ ला रिटायर झालो. आता लोको पायलट म्हणतात, पण भुसावळात अजून ड्रायव्हरच चालतं, आणि मला तेच बरं वाटतं.

पत्र लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात भाच्याचा पोरगा घरी आला आणि म्हणे आबा हे बघा आपल्या इकडचं रील, कसलं कडक आहे. एक पोरगा गॉगल लावून रुळाकडेला चालतोय, मागून गाडी येते, हा अगदी शेवटच्या क्षणाला बाजूला होतो, गाडी सूं करून जाते, याचे केस उडतात, गाणं वाजतं. खाली हजारोंनी बदाम, कमेंटमध्ये 'भाऊचा नाद नाय करायचा'. भाच्याचा पोरगा माझ्या तोंडाकडे बघतोय की आबा आता काय म्हणतात. मला त्यात दुसरंच ऐकू आलं. गाण्याच्या मागं बारीकसा हॉर्न होता. आमचा नेहमीचा हॉर्न लांब असतो, फाटकाच्या आधी सी/फा, म्हणजे सीटी-फाटक, लिहिलेला पिवळा बोर्ड असतो तिथं वाजवतो तो. हा तुटक तुटक होता. तुटक हॉर्न म्हणजे आतला माणूस घाबरलाय. त्याला बायको-पोरं आहेत, डबा शेजारी ठेवलेला आहे, आणि त्याला वाटतंय की आता माझ्या हातून हा मरतो. बदाम देणाऱ्या एकालाही ते ऐकू आलं नसणार.

माझ्या हातून गेला आहे एक. म्हणजे अशा कामात असलेल्या माणसाच्या वाट्याला बरेच येतात, जीव द्यायला आलेले, दारू पिऊन आडवे पडलेले, ढोरं तर मोजतच नाही आम्ही. पण मोबाईलवाला हा एक, आणि तो वेगळा राहिला डोक्यात.

सात-आठ वर्षं झाली असतील. पहिला पाऊस होऊन गेलेला, संध्याकाळचे सहा-सव्वासहा, तिरपं ऊन, दोन्ही बाजूला नुकतीच उगवलेली कपाशी. जळगाव सोडलेलं, पाचोऱ्याकडे चाललो होतो, गाडी ११० वर. गावाचं नाव सांगत नाही, घरच्यांना उगाच त्रास नको. कर्व्ह संपला आणि समोर तीन पोरं दिसली. दोन खडीच्या उतारावर बसलेली, एक उभा, पाठमोरा, हात वर. रुळात नव्हता हं, रुळाच्या बाहेर होता, जेमतेम फूटभर. मी हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला, असिस्टंट खिडकीतून 'ए ए ए' ओरडतोय, जसं काय त्याला ऐकूच जाणार आहे. मग इमर्जन्सी ब्रेक लावला. बसलेले दोघं उठून पळाले, काहीतरी ओरडले असतील. तिसऱ्यानं केसांवरून हात फिरवला. केस नीट करत होता तो. मग आवाज आला. त्या आवाजाबद्दल मी घरी कधी बोललो नाही, इथं पण लिहिणार नाही.

गाडी थांबली तेव्हा आम्ही त्याच्या सहा-सातशे मीटर पुढं गेलेलो. गार्डला वॉकीटॉकीवर सांगितलं, कंट्रोलला किलोमीटर आणि खांबाचा नंबर कळवला, असिस्टंट मागे चालत गेला. मी इंजिन सोडू शकत नाही, नियमच तसा आहे, म्हणून मी बसलो, समोर सिग्नल हिरवा, आणि माझे पाय थरथरत होते. परत आला तेव्हा असिस्टंटनं फक्त मान हलवली. मग पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी मनमाडकडे नेली कारण आत हजार-बाराशे माणसं होती आणि त्यांना मुंबईला जायचं होतं. डब्यातून दोघं-तिघं उतरून विचारून गेले की काय राव किती लेट करता.

काही दिवसांनी रेल्वे पोलिसांकडं जबाबाला बोलावलं. तिथं बाकावर त्यातलाच एक पोरगा बसलेला, सतरा-अठराचा असेल, मिशी पण नीट फुटलेली नाही. हवालदार मुद्देमालाची यादी वाचत होता, एक मोबाईल, स्क्रीन फुटलेला, एक गॉगल, एक जोड पांढरे स्पोर्ट बूट. तर हा पोरगा एकदम हळू आवाजात म्हणाला, साहेब, बूट माझे आहेत. व्हिडिओसाठी घातले होते त्यानं. हवालदारानं वर पाहिलं, काही बोलला नाही, पुढं वाचायला लागला.

बाहेर त्या गेलेल्या पोराचा बाप उभा होता. पांढरी टोपी, हातात नायलॉनची पिशवी. त्याला कोणीतरी सांगितलं असणार की ड्रायव्हर हाच. मला वाटलं आता कॉलर धरतो. तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "गाडी थांबाडता उनी नही का हो साहेब तुमले?" मी म्हटलं, बापू, नाही थांबत हो. त्यानं मान हलवली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मलाच दिली. घ्या म्हणे, ऊन आहे.

बापूंना मी दोन शब्दांत उत्तर दिलं. तुम्हाला पूर्ण देतो, तुमच्यापैकी कोणीतरी उद्या तिथं उभं राहणार आहे म्हणून.

त्या फोनमधली क्लिप हवालदारानं मला दाखवली. दाखवायला नको होती बहुतेक, पण दाखवली आणि मी तीनदा पाहिली. त्यात माझी गाडी काडेपेटीएवढी आहे. तो केसांवरून हात फिरवतो तेव्हा पण गाडी लांबच दिसते, आरामात पाच-सात सेकंद आहेत असं वाटतं, आणि पुढच्या क्षणी संपतं सगळं. मी इंजिनातून पाहिलं होतं, मला माहीत होतं त्या वेळी किती अंतर राहिलं होतं. पडद्यावर त्याच्या तिप्पट-चौपट वाटत होतं. घरी येऊन मुलीला विचारलं, ती इंजिनियर आहे, तिनं समजावलं की पुढच्या कॅमेऱ्याची भिंग रुंद असते, हातभर अंतरावरून तोंड, खांदे, मागचं आभाळ सगळं मावावं म्हणून, आणि त्यामुळं मागची वस्तू आहे त्यापेक्षा बारीक आणि लांब दिसते. चारचाकीच्या बाजूच्या आरशावर लिहिलेलं असतं ना, दिसतंय त्यापेक्षा मागची गाडी जवळ आहे, तसंच. फक्त मोबाईलवर कोणी ते लिहीत नाही. तर तुम्ही जो शेवटचा क्षण म्हणता ना, तो स्क्रीनवर पाहून ठरवलेला असतो, आणि तो शेवटचा नसतो, कधीच निघून गेलेला असतो.

आणि क्लिपमध्ये हॉर्न जवळजवळ नाहीच. मी दाबून धरलेला हॉर्न, आसपासच्या शेतातल्या माणसांनी ऐकला असेल तो, त्या फोननं घेतलाच नाही. गाणं मात्र स्पष्ट.

आता हिशोब करा. ११० ला गाडी एका सेकंदात ३० मीटर जाते, म्हणजे क्रिकेटची दीड पिच. तुम्ही वन टू थ्री म्हणेपर्यंत ९० मीटर. इमर्जन्सी लावल्यावर गाडी थांबायला पाऊण ते एक किलोमीटर घेते, भरलेली मालगाडी असली तर विचारूच नका. स्टिअरिंग नाही आम्हाला, लोकांना हे सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं, पण एका शिकलेल्या माणसानं मला लग्नात विचारलेलं आहे की थोडी बाजूला नाही घेता येत का. आणि आता काही गाड्या १३० नं पळतात.

तो रुळाच्या बाहेर होता हे मी वर लिहिलं. हे नीट वाचा कारण सगळे इथंच फसतात. दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, डब्याची रुंदी साडेदहा फुटांच्या वर. म्हणजे रुळापासून दोन्ही बाजूला अडीच अडीच फूट गाडी बाहेर असते. वर पायऱ्या, हँडल, आणि कोणी दारात बसून पाय सोडलेले असले तर ते वेगळं. तुम्ही रुळाच्या एक फूट बाहेर उभे आहात म्हणजे तुम्ही गाडीच्या आत उभे आहात. गँगमन गाडी आली की किती लांब जाऊन उभा राहतो बघा कधीतरी, त्याचा जन्म रुळावर गेलेला असतो तरी.

आवाज येईल म्हणाल तर पूर्वी यायचा. रुळांचे जोड असायचे, खटखट खटखट लांबून कळायचं, डिझेलचा धूर दिसायचा. आता रूळ वेल्डिंग केलेले, इंजिन विजेचं, समोरून येणारी गाडी जवळ येईपर्यंत गप्प असते. त्यात जळगाव-भुसावळच्या मध्ये दोनाच्या जागी तीन-चार लाईनी झाल्या. एका गाडीच्या धडधडीत दुसरी येते ती कळतच नाही. परधाड्याला काय झालं ते आठवा. २२ जानेवारी २०२५, परधाडे आणि माहेजीच्या मध्ये पुष्पक उभी राहिली, आग लागल्याची नुसती आवई, लोक जिवाच्या भीतीनं खाली उतरले ते बाजूच्या लाईनवर, आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस. डझनभर माणसं गेली. त्या बिचाऱ्यांच्या हातात कॅमेरे नव्हते, ते घाबरलेले होते, त्यांचा काय दोष काढायचा. पण डोळे उघडे ठेवून, जीव वाचवायला पळणाऱ्या माणसांना जी गाडी चुकवता आली नाही ती तुम्ही पाठ फिरवून चुकवणार का?

यार्डातल्या मालगाडीवर चढून फोटो काढणारे वेगळेच. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, घरात २३०. त्या तारेला हात लावायला लागत नाही, नुसतं जवळ गेलं की ठिणगी उडी मारून येते, आणि सेल्फी काढायला हात वरच जातो. भाजलेलं पोर मी पाहिलंय यार्डात. त्याच्याबद्दल पण नाही लिहीत.

मुलीनं मला डॉक्टर लोकांचा एक अभ्यास पण वाचून दाखवला, २०१८ चा. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या सहा वर्षांत जगभरच्या बातम्यांमधून त्यांनी सेल्फी काढताना गेलेले २५९ लोक मोजले. त्यातले १५९ आपल्या देशातले. बुडून मेलेले सगळ्यात जास्त, त्यानंतर गाड्यांखाली, त्यात रेल्वेच जास्त. सरासरी वय तेवीसच्या आत. मी म्हटलं हे तर बातमीत आलेले फक्त. माझ्यावाल्याची बातमी चार ओळींची होती, 'रेल्वेच्या धडकेत तरुण ठार', त्यात मोबाईलचा उल्लेख पण नव्हता. असे किती असतील ते कोण मोजणार.

आता तुमच्यावर नाही, दुसऱ्यांवर बोलायचंय. शूटिंग करणाऱ्यांवर आणि व्हिडिओ पुढं ढकलणाऱ्यांवर, म्हणजे यात माझ्या वयाचेच जास्त.

त्या दिवशी मी इंजिनात बसलेलो असताना शेतातून, वस्तीवरून माणसं आली. पाच-सहा जण इंजिनाखाली येऊन माझंच शूटिंग करायला लागले. मी काच लावून घेतली तरी चालूच. मागे पोरगा पडलाय, तिकडं जा रे, कोणी चादर आणा, असं मी म्हटलं, ते पण शूट झालं बहुतेक. रात्री घरी फोन केला तर बायको रडतेय. माझ्या आधी तिच्याकडं व्हिडिओ पोहोचला होता, नातेवाईकांच्या ग्रुपवरून, माझा चेहरा आणि वर लिहिलेलं, ड्रायव्हर झोपला होता, कोवळ्या पोराचा जीव घेतला. ज्यानं टाकला तो माझ्या साडूचा शेजारी. त्याला माहीत पण नव्हतं की हा कोण. आला, ढकलला. मी नंतर लग्नात भेटलो त्याला, तर म्हणे सॉरी हो साहेब, मी पूर्ण पाहिलाच नव्हता. पूर्ण पाहिला असता तर काय झालं असतं, त्यात मी झोपलेला थोडीच दिसणार होतो.

माझं काय, दोन-चार दिवस तोंड लपवून फिरलो, निभावलं. राईनपाड्याला नाही निभावलं. विसरले का लोक? आपल्या साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८, रविवारचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच लोक, आणि मोबाईलवर काही दिवसांपासून फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आलीय. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना, पाचही जण गेले. त्याचे पण व्हिडिओ निघाले. म्हणजे माणूस मरत असताना कोणाचा तरी हात वर होता, स्थिर होता, फ्रेम नीट यावी म्हणून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतापुरतं फॉरवर्ड पाच जणांवर आणलं. तोवर कोणी मोजत नव्हतं, आणि आपण खान्देशी माणसं तर पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही म्हणून सांगत फिरतो.

त्या वेळी मी धुळ्याला एका नातलगाकडं गेलो होतो, तिथं एकानं मला तो व्हिडिओ दाखवायला फोन पुढं केला, जेवता जेवता. शेवभाजीचं ताट समोर. मी म्हटलं राहू दे. तो म्हणे अहो पाहा तर, काही एवढं नाही दिसत, लांबून घेतलाय.

लांबून घेतलाय.

असो. आता कायद्याचं, लवकर सांगतो. रेल्वे अ‍ॅक्ट १९८९, कलम १४७, विनापरवाना रुळावर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे तुमचे दोन-तीन रिचार्ज, त्याला कोणी भीत नाही हे मला कळतं. मुंबईत २०१६ ला पोलिसांनी सोळा जागा नो सेल्फी झोन केल्या होत्या, समुद्रकाठ वगैरे. आपल्याकडं भुसावळपासून चाळीसगावपर्यंत रुळाच्या दोन्ही बाजूला शेतं, वस्त्या, शाळा, कुठं कुठं बोर्ड लावणार आणि कोण वाचणार. म्हणून पेजवाल्यांना सांगतो, जे 'आपला खान्देश' म्हणून असले रील उचलून परत टाकतात त्यांना, बाबांनो तुम्ही नाही टाकलं तर अर्धे पोरं जाणारच नाहीत तिथं. तुम्हाला तापी कमी पडते का, मनुदेवीचा धबधबा आहे, तोरणमाळ आहे, पाटणादेवी आहे, सारंगखेड्याचे घोडे आहेत. म्हणजे धबधब्याच्या कड्यावर पण जाऊ नका, ते परत वेगळं पत्र होईल.

आणि आईबापांनो, पोराला फोन घेऊन देताना कव्हर घेता, काच लावून घेता, इन्शुरन्स पण काढता. चांगलं आहे.

पोरांनो, मला रेल्वेचे फोटो आवडत नाहीत असं समजू नका. मीच काढतो. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, पीजे म्हणायचे तिला, चालू होती तेव्हा तिचे ढिगानं काढलेत, ती बिचारी इतकी हळू जायची की तिच्यासोबत पळत सेल्फी काढला असता, उतरून बोरं तोडून परत चढला असतात तरी काही बिघडलं नसतं. २०२० ला बंद पडली ती. आता उरल्या त्या पळणाऱ्या. त्यांचे फोटो काढायची जागा मला माहीत आहे. भुसावळला पादचारी पुलावर सकाळी सात-साडेसातला या, ऊन मागून असतं, यार्ड पूर्ण दिसतं, आणि रावेर-सावद्याकडून केळीची गाडी आली तर काय दिसते ती. मोबाईल आडवा धरा, मागचा कॅमेरा वापरा. तुमचा फोटो गाडीसोबत पाहिजे असेल तर मी काढून देतो, मी समोर उभा राहीन आणि तुमच्या मागे काय येतंय ते मला दिसत असेल.

बहुतेक रविवारी मी तिथंच असतो. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. खाली टपरीवर चहा मिळतो, तो माझ्याकडून.

तुमचा,
एक रिटायर्ड ड्रायव्हर,
भुसावळ